सात डब्या

काट्यावर कुत्र्याचे चारही पाय एकदाचे स्थिरावले, तेव्हा आकडा आला साडेसोळा किलो.

"मागच्या महिन्यात चौदा होता," डॉक्टर कार्ड बघत म्हणाले. "व्हिपेट आहे हा, ताई. पळायला जन्मलेली जात. नाव काय म्हणालात याचं?"

"काडीपैलवान."

"यातली काडी कुठे गेली मग?" ते हसले. पण कुत्र्याच्या कुशीवरून हात फिरवता फिरवता ते हसू मावळलं. "इथे हात ठेवा. बरगड्या लागतात? नाही ना? खरं तर शेवटच्या दोन-तीन नुसत्या डोळ्यांना दिसायला हव्यात. नऊ महिन्यांचं पोर, हाडं अजून भरतायत, त्यांच्यावर हा बोजा. हा वाढत नाहीये ताई, फुगतोय. पुढचा डावा पाय कसा चोरतो, बघितलंत? असंच चाललं तर तो पाय कायमचा अधू होईल. घरात जास्तीचं कोण घालतंय?"

"आई घालते," ती म्हणाली. दिवसभर बुटांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायांशी बसून तिचे स्वतःचेच गुडघे बोलत होते. भावाने हौसेने घेतलेला कुत्रा बदली होताच तिच्या गळ्यात पडला होता. आई तर आधीपासून होतीच.

डॉक्टरांनी एक पेला तिच्या हातात दिला. "दिवसाला कोरड्या खाण्याचे हे दोन पेले. कितीही वेळा द्या, पण त्यावर दाणासुद्धा नको."

तिसऱ्या मजल्यापर्यंत तिने कुत्र्याला उचलूनच नेलं.

दार उघडलं आणि आई वाडगा घेऊन समोर. "आलीस? अगं, पोट बघ कसं खपाटीला गेलंय त्याचं. सकाळपासून काही नाही पोटात."

कुत्र्याच्या खाण्याचा मोठा डबा माळ्यावर ठेवून झाला होता. आई स्टुलावर चढली होती. मग कपाटाला कुलूप लावून झालं. तेव्हापासून आई स्वतःच्या ताटातलं त्याला घालत होती. आजच्या वाडग्यात आईचंच दुपारचं जेवण होतं. भात तसाच्या तसा.

"आई, सकाळी मी दिलं. मग तू दिलंस. मग परत दिलंस. बाराला शेजारच्या काकूंचा फोन आला, तेव्हाही तू त्याला भरवत होतीस! पाय जाईल त्याचा. मारायचंय का त्याला?"

शेवटचं वाक्य तोंडातून निसटलं आणि ते माघारी घेता येईना.

आईने वाडगा ओट्यावर ठेवला. हळूच, आवाज न करता. "तीनदा दिलं मी?"

"हो."

"मग सांग ना," आई म्हणाली, "आज मी अजून काय काय केलंय?"

कुत्रा दोघींच्या मध्ये उभा राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. मुलगी खुर्चीवर बसली. अंगातला राग गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. नुसतं बसावंसं वाटलं, तशी ती बसून राहिली.

बऱ्याच वेळाने उठून तिने फडताळातून झाकणाच्या लहान डब्या काढल्या. सात निघाल्या. कपाटाचं कुलूप काढलं, दोन पेले दाणे मोजले आणि सातांत वाटले. प्रत्येकीत मूठभरसुद्धा आले नाहीत.

"हे बघ आई. त्याला भूक लागलीय असं वाटलं की एक उघडायची आणि द्यायची. रिकामी डबी दिसली की समजायचं, दिलंय."

"आणि सगळ्या रिकाम्या झाल्या तर?"

"तर त्याचं पोट भरलंय. त्याला कसंही तोंड करू दे."

पहिल्या दिवशी आईने तीन डब्या एकदम उघडल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या भरलेल्याच राहिल्या, आणि कुत्र्याने दुपारी चपलेचा पट्टा खाल्ला. मग हळूहळू घडी बसली. काकूंनी जाता-येता नजर ठेवली. मुलगी दुकानातून आल्यावर त्याला सपाट रस्त्यावरून हळू चालवून आणायची; कंटाळा आला तरी, पाऊल उचलत नसलं तरी. आई त्या वेळात दुसऱ्या दिवसाच्या डब्या काढून ओट्यावर मांडून ठेवायची.

दीड महिन्यात काटा चौदावर आला. डॉक्टरांनी कुशीवर बोटं ठेवली आणि एक, दोन, तीन म्हणत बरगड्या मोजल्या. पाय तो आता चोरत नव्हता. जिना आपला आपण चढला, आणि वर पोचून तिची वाट बघत उभा राहिला.

घरात आई ओट्याशी होती. सातही डब्या ओळीत, झाकणं बाजूला.

"काय गं, या डब्या कशाला?"

पर्स खांद्यावरून न काढताच मुलीने पेला घेतला. दाणे मोजत, एकेका डबीत टाकत तिने सगळं सांगितलं. भूक लागलीय असं वाटलं की एक उघडायची. रिकामी दिसली की समजायचं, दिलंय.

आई मान डोलवत ऐकत होती. मध्येच थांबून तिने मुलीच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"हे मला तू रोज सांगतेस का गं?"

"रोज."

"दमत असशील."

"दमते," मुलगी म्हणाली. "झाकणं लाव."