उसनी चूक

शीतकपाटांची घरघर सोडली, तर तळघरातल्या त्या खोलीत कसलाच आवाज नव्हता. ताई वाचत होत्या. चष्मा कपाळावर सरकवून, फोन हातभर लांब धरून, एकेक ओळ बोटानं वर ढकलत. तो टेबलासमोर उभा होता. बस म्हणून त्या म्हणाल्या नव्हत्या आणि आपण होऊन बसण्याचं धाडस त्याला झालं नव्हतं.

पाणी तपासणाऱ्या या प्रयोगशाळेत त्याला अकरा वर्षं झाली होती. त्याचा एकही अहवाल कधी परत आला नव्हता, आणि बहुधा त्यामुळेच त्याचं नाव कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. विभागप्रमुखाची जागा दोनदा रिकामी झाली आणि दोन्ही वेळा त्याच्या डोक्यावरून गेली. दुसऱ्या वेळी तर नव्या संचालकांनी जिन्यात थांबून त्याला विचारलं होतं, आपण भांडारात असता ना?

मग एक प्रशिक्षक आला. स्वतःचा ब्रँड कसा घडवावा, कामावर चारचौघांत कसं दिसावं, हे तो दर शुक्रवारी शिकवी. मागच्या रांगेनं त्याचं नाव आरसेवाला ठेवलं होतं. आरसेवाल्याचं सांगणं एकच: यश मिरवू नका, दुसऱ्याच्या यशाचा लोकांना कंटाळा असतो, आपण कुठं कोसळलो ते लिहा.

घरी बायको हे ऐकून हसली होती. "तू काय लिहिणार? तुझ्या हातून कधी दूधसुद्धा उतू गेलेलं नाही."

म्हणून त्यानं ताईंचं कोसळणं घेतलं.

ती गोष्ट ठाऊक असणारे एकेक करून निवृत्त झाले होते. उरले होते ताई आणि तो. दोन टाक्यांच्या पाण्याचे नमुने, आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल. चांगली टाकी बंद झाली आणि दूषित टाकीचं पाणी तीन दिवस एका वसाहतीच्या नळांना येत राहिलं. सदतीस मुलं तापानं फणफणली. एकही दगावलं नाही, हे नशीब. चौकशी बसण्याआधीच ताई त्या वेळच्या संचालकांकडे गेल्या आणि चूक माझी, असं लिहून देऊन आल्या. कायम असल्यामुळे नोकरी वाचली. होऊ घातलेलं विभागप्रमुखपद गेलं, सूक्ष्मदर्शक गेला, आणि नमुने साठवण्याची ही खोली वाट्याला आली. त्याला तेव्हा शिकाऊ म्हणून लागून दोनच आठवडे झाले होते. शिकाऊ माणसाच्या हातून असं काही घडलं, तर त्याला दुसऱ्या दिवशी फाटकातून आत घेत नाहीत, हे तेव्हा कानावर आलं आणि तो महिनाभर जीव मुठीत धरून वावरला होता.

वसाहतीचं नाव न घेता त्यानं समाजमाध्यमावर सगळं लिहिलं, फक्त ताईंच्या जागी स्वतःला ठेवलं. ओल्या काचेवरून घसरणारी चिठ्ठी, बोटांना चिकटलेला डिंक, अंगठ्यावर उमटलेला शाईचा आकडा. हे बारकावे कुठून आले कोण जाणे, पण लेखणीला पाझर फुटावा तसे आले. हजारोंनी ते वाचलं. लोकांनी त्याच्या प्रांजळपणाला हात जोडले. संचालक त्याच्या टेबलापर्यंत चालत आले, त्याला नावानं हाक मारली आणि अशीच माणसं पुढं यायला हवीत म्हणाले. विभागप्रमुखाच्या जागेसाठी उद्या त्याची मुलाखत होती.

आज सकाळी फाटकाशी ताईंनी त्याच्यासाठी दार धरून ठेवलं. एवढंच. पण त्या दारातून आत जाताना त्याला वाटलं, आपल्या अंगावरचे कपडे आपले नाहीत. दुपारपर्यंत त्याची मान वर झाली नाही. शेवटी तो स्वतःच जिना उतरून खाली आला आणि त्यानंच फोन त्यांच्यापुढं ठेवला.

ताईंनी तो आता पालथा केला.

"डिंकाचं बरं लिहिलंयस. कुठून सुचलं?"

"असंच. लिहिता लिहिता."

"हं."

मग तो बोलत सुटला. वर जातो, संचालकांना खरं सांगतो, मुलाखतीतून नाव मागं घेतो, लिहिलेलं काढून टाकतो. माफी मागायचीही आपली लायकी नाही, पण मागतो. बोलता बोलता त्याचे कान तापले, नजर फरशीवरून हलेना.

"या सगळ्यात तुमचं म्हणून तेवढं एकच उरलं होतं, ताई. ती चूक. तीही मी उचलली."

ताईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. दुपारी आलेल्या नमुन्यांची पेटी जवळ ओढली, बाटल्या मोजल्या, झाकण लावलं.

"काढू नकोस ते," त्या म्हणाल्या.

त्याला वाटलं, क्षमा म्हणतात ती हीच. त्या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाही ताई. खोटं आहे ते."

"वेळ तेवढी चुकलीय. तू संध्याकाळ लिहिलीयस. सकाळ होती." त्यांनी पेटी कमरेवर घेतली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. "मी वरच्या मजल्यावर यंत्रापाशी होते. बाटल्या आणि चिठ्ठ्या तुझ्या हातात देऊन गेले होते."

त्यानं टेबलाची कड धरली.

"मग तुम्ही तेव्हा... का, ताई?"

ताईंनी शीतकोठीचं जड दार खांद्यानं ढकललं आणि पेटी घेऊन त्या आत निघून गेल्या.