सोनेरी कार्डाच्या दोन रात्री

नाताळ होऊन तीन दिवस झालेले. माझ्या नवऱ्याची, हेनिंगची आई आमच्याकडे राहायला आलेली, आणि हा नॉर्वेत पवनचक्की बंद पडली, दुरुस्तीला जातो म्हणून घाईघाईने गेलेला. संध्याकाळी पाव आणायला निघाले, तर ह्याची गाडी आमच्याच शहरात, ऑरहूसमध्ये, बंदरावरच्या हॉटेलासमोर उभी! डोक्यात तिडीकच गेली. "मी त्याची बायको," म्हणत खाली काउंटरवर खोलीचा नंबर विचारला आणि वर जाऊन दार बडवलं.

त्याने पायजम्यातच दार उघडलं. मी पलंगाखाली वाकून पाहिलं, न्हाणीघरात पाहिलं.

"कुठंय ती?"

"कोण ती? अगं, एकटाच आहे मी!" हेनिंग ओशाळला. "ह्या कंपनीच्या हॉटेलांत वर्षाला ठरावीक रात्री राहावं लागतं, आणि वर्ष संपत आलं तरी दोन कमी पडत होत्या. नाहीतर हॉटेलचं सोनेरी कार्ड गेलं असतं."

"म्हणून आईला माझ्या गळ्यात बांधून इथे येऊन झोपलास?"

"दोनच रात्री गं, डोर्थे."

"आणि मिळतं काय त्या कार्डावर?"

"हवी तशी उशी. फुकट नाश्ता. दुपारी चारपर्यंत कुणी उठवत नाही."

एखादी बाई सापडली असती, तर निदान कारण तरी कळलं असतं!

मी कोट खुंटीला लावला, बूट काढले, आणि टेबलावरची गाडीची किल्ली त्याच्या हातात कोंबली.

"कपडे घाल आणि घरी जा. तुझ्या आईला जेवायला वाढायचंय. कार्डाची काळजी करू नकोस, दोन्ही रात्री तुझ्याच नावावर जमा होतील."