हातभर वर

कंपन्यांच्या बसगाड्यांसाठी सरकारनं हिंजवडीतल्या गेनबाच्या घरापुढचा रस्ता तीनदा उंच केला, आणि तिन्ही वेळा पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी थेट चुलीपर्यंत आलं. अर्ज केला की उत्तर ठरलेलं, "रस्ता बरोबर आहे, तुमचंच घर खाली आहे."

मग दर वेळी गेनबानं आत मुरूम ओतून फरशी हातभर वर घेतली. स्लॅब मात्र होता तिथंच राहिला. आधी पंखा काढला, मग दार खालून कापलं, आणि आता बायकोला, प्रेमलाला, लुगडं नेसायलाही अंगणात आडोसा करावा लागत होता.

अकराव्या अर्जावर एकदाचे साहेब पाहणीला आले. डोकं चौकटीला आपटून घेत, कमरेत वाकून आत शिरले.

"काका, आता पाणी येतं का घरात?"

"पाणी न्हाय येत साहेब. पर सोताच्या घरात ताठ हुबं ऱ्हाता येत न्हाय, त्याचं काय?"

साहेबांनी टेप लावली आणि वाकूनच अहवाल लिहिला.



"घरात पाणी आढळले नाही, सबब भरपाई देय नाही. छताची उंची नियमापेक्षा कमी असल्याने घर राहण्यास अयोग्य. तीस दिवसांत रिकामे करावे."