वानवळा

ओट्यावरचं स्टीलचं ताट खणखणायला लागलं. शेफाली झोपली म्हणून नम्रताने आवाज बंद करून फोन ताटात ठेवला होता, आणि तो आता थरथरत होता. दुपारच्या सामसुमीत तो आवाज एवढा मोठा वाटला की तिने आधी फोनवर हात दाबला आणि मग नाव वाचलं. जयसिंग.

जयसिंग तिच्या माहेरचा शेजारी. घाटमाथ्यावर पर्यटकांना जीपमधून पॉइंट दाखवतो. पुण्याला खेप असली की कर्वेनगरात वाट वाकडी करून अण्णांचा वानवळा देऊन जातो. कधी तुती, कधी कोवळा फणस, कधी नुसती कढीपत्त्याची जुडी. जे झाडाला आधी येईल ते लेकीच्या घरी.

"ताई, वणवा आलाय खाली," तो म्हणाला. "वरची दोन लॉज पेटली. अन् काका गाडीत बसंनात. तुम्ही बोला."

त्याने भराभर सांगितलं. धूर सकाळपासून दिसत होता, पण तो दर फाल्गुनात दिसतो, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग वारा फिरला. बाजारपेठ ओस पडली, पर्यटक गाड्या काढून घाट उतरले. अण्णांनी आपल्या भाड्याने दिलेल्या दोन खोल्यांमधल्या पाहुण्यांचं सामान स्वतः उचलून दिलं आणि परत जाऊन भिंतींवर पाणी मारत उभे राहिले.

फोन अण्णांच्या कानाशी गेला. पाण्याचा आवाज आला, म्हणून नम्रताने फोन स्पीकरवर टाकला.

"कशाला घाबरतेस?" ते म्हणाले. "ओढ्यापाशी थांबतो तो. दर साली थांबतो."

"ओलांडला त्यानं ओढा," जयसिंग मागून म्हणाला.

अण्णांनी ते ऐकलंच नाही, किंवा ऐकलं असेलही. नम्रताने विनवलं, मग रागावली, मग आईची शपथ घातली. ते सगळं ऐकून घेत होते, पाणी मारणं चालूच होतं. शेवटी म्हणाले, "तुझं बोलून झालं असेल तर ठेव. पाण्याचा जोर कमी होतोय."

शेफाली उठून दारात उभी होती. गालावर उशीचे वळ. पुण्यात जन्मलेल्या पोरीने वणवा कुठे पाहिलाय? तिला जयसिंगमामाचा आवाज ओळखू आला आणि काहीतरी आलंय एवढं कळलं; आणि तिच्या माहितीत जयसिंगमामाबरोबर एकच गोष्ट येते. ओट्याखालची परात फरफटत ओढून ती फोनजवळ आली.

"आजोबा, वानवळा आणताय ना? मी परात घेऊन बसलेय."

नम्रताने 'अगं, वानवळा नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

पलीकडे पाणी पडत होतं आणि त्याच्या मागे काहीतरी तडतडत होतं.

"काय आणू?" अण्णांनी विचारलं. आवाज त्यांचाच होता, पण जरा खालचा.

"तुती. आणि तुम्ही पण या."

पाण्याचा आवाज थांबला. मग फोनच बंद झाला.

घाटात रेंज नसते, हे नम्रताला पक्कं माहीत होतं. तरी ती फोन लावत राहिली. तिचा नवरा पुष्कर खराडीच्या ऑफिसातून लवकर निघाला, वाटेतून त्याचे दोन फोन आले. तिने त्याला लाइन अडवू नकोस म्हणून झापलं. शेफाली परातीपाशी बसून राहिली. मध्येच तिने परात ओल्या फडक्याने पुसली.

दिवेलागणीला जीप सोसायटीच्या फाटकाशी उभी राहिली. नम्रता पायांत जे मिळालं ते घालून धावत खाली गेली. अण्णा उतरत होते. भुवया करपलेल्या, सदरा पाठीवर काळा, बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

"होळी लवकर आली वाटतं तुमच्याकडे," तळमजल्यावरचे तात्याराव फाटकातून म्हणाले. मग त्यांना वास आला. त्यांनी पुढे होऊन स्वतः फाटक उघडून धरलं.

अण्णांच्या हातात पंच्याची गाठोडी होती. ती त्यांनी वर जाऊन परातीत सोडली. लाल-हिरवी, निम्मी कच्ची तुती, देठा-पानांसकट ओरबाडलेली. शेफालीने एक तोंडात टाकली. डोळे घट्ट मिटले, खांदे वर गेले, पण आंबट आहे म्हणाली नाही. दुसरी उचलून तिने आजोबांच्या तोंडात घातली.

जयसिंग दारातूनच निघाला होता. नम्रताने पाणी दिलं तसं त्याने तिला जिन्यात बोलावलं.

"पहिल्या वळणावर मी आरशात बघितलं, ताई," तो म्हणाला. "काकांनी नाही बघितलं."

तिने काय दिसलं ते विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

अंघोळ करून अण्णा पुष्करच्या लेंग्यात बाहेर आले. लेंगा लांब होत होता, म्हणून त्यांनी तो दोनदा दुमडला. चहाचा कप घेऊन ते खिडकीशी बसले, पाठ खोलीकडे करून. बाहेर समोरच्या इमारतीत एकेक दिवा लागत होता.

शेफाली आईला चिकटली. आजोबा आज इथेच झोपणार का, तिने विचारलं. हो. उद्या? उद्याही. परवा? नम्रताने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, आता रोजच.

शेफालीने आनंदाने उडी मारली. मग एकदम थबकली. काहीतरी अवघड हिशेब सुटत नसावा, तसं तिने आईकडे पाहिलं.

"आई, मग मे महिन्यात आपण कुणाकडे जायचं?"