आज काय सोडलं?

"पट्ट्याला जाळी बसंपर्यंत माझ्या मागाचं बटण दाबू नगंस, शालन."

तीन महिन्यांपूर्वी दवाखान्यात जयाबाईनं सांगितलं होतं. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं यंत्रमागाच्या मोटरच्या उघड्या पट्ट्यानं नेली होती. शालननं मान हलवली, वर आपण होऊन म्हणाली, बरी झालीस की कामाला न्यायला मीच येते.

आता जयाबाई बरी झाली होती. पण मालक अरिहंतअण्णांनी कालच तिला निरोप धाडला, अशा हाताला आमच्याकडं काम नाही. आणि आज सकाळी तिचा माग शालनला चालवायला सांगितला. जाळी नव्हतीच.

शालन रोज वडगावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शन घेऊन एक नियम घ्यायची. त्या दिवसापुरतं काहीतरी सोडायची. अण्णाही जैनच, त्यामुळं रोजची थट्टा ठरलेली.

"शालनक्का, आज काय सोडलं? साखर का मीठ?"

ती काहीतरी बोलली. मागांच्या खडखडाटात तिचा आवाज पोचला नाही. अण्णांनी कान पुढं केला, मग वैतागून मेन स्विचच बंद केला. सगळे माग थांबले.

"माग सोडलाय, अण्णा. उघड्या पट्ट्याचा."

अण्णा हसले. मग हसायचे थांबले. किती दिवसांचा नियम, त्यांनी विचारलं. जाळी बसेपर्यंत, ती म्हणाली, आणि जयाबाई कापड तपासायच्या टेबलाला बसेपर्यंत. तपासायला डोळे लागतात, दहा बोटं कशाला?

ऑर्डर अडलीय, त्यांनी समजावलं. नियम मोडला तर मुनिमहाराजांकडं जाऊन प्रायश्चित्त घेता येतं.

"मोडणाऱ्याला प्रायश्चित्त हाय. मोडायला लावणाऱ्याला काय असतंय, तेवढं सांगा."

अण्णांनी स्विच चालू केला. दिवे लागले, पंखा फिरला. माग गप्पच. प्रत्येक मागाचं बटण वेगळं, आणि बाकीच्या बायका हात मागे घेऊन उभ्या. अण्णांनी त्यांतल्या थोरल्या रुक्माबाईकडं पाहिलं.

"आमचा काय नियमबियम न्हाय बगा," ती म्हणाली. "पर पट्टा माझाबी उघडाच हाय."

जाळीवाल्याला लावावा का म्हणून अण्णांनी फोन काढला आणि नुसताच हातात धरला.

शालननं पदर खोचला, चपला घातल्या. कुठं निघालीस, त्यांनी विचारलं.

"जयाबाईला आणाय. टेबल तेवढं पुसून ठेवा, अण्णा."

आणि ती येळ्ळूरच्या रस्त्यानं चालू लागली.