ॲटमचा अर्थ

महाविद्यालयातली पदार्थविज्ञानाची एकुलती एक जागा अध्यक्षांच्या जावयाला कालच मिळून गेली होती, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. आज मुलाखतीत बाकीच्या उमेदवारांच्या नावापुढे एकेक चुकलेलं उत्तर लिहून कागद तेवढा पुरा करायचा होता. नऊ वर्षं तिथेच हंगामी म्हणून शिकवणाऱ्या बाई समोर येऊन बसल्या, तेव्हा अध्यक्षांनी चहाच्या कपावरून नजर उचलायचीही तसदी घेतली नाही.

“ॲटम या शब्दाचा अर्थ?”

“मूळ ग्रीक शब्द, सर. ‘अ’ म्हणजे नाही, आपल्या ‘अखंड’मध्ये असतो तोच. ‘टोमोस’ म्हणजे कापलेला. ज्याचे तुकडे होत नाहीत, तो ॲटम.”

“चूक!” अध्यक्ष खुशीत लिहू लागले. “अहो बाई, त्याचे तुकडे होऊन जमाना झाला. शेंबड्या पोरालाही माहीत आहे. नऊ वर्षं शिकवलंत तरी काय?”

“तुकडे होतातच, सर. पण तुम्ही शब्दाचा अर्थ विचारलात.”

“असं? मग तुकडे होतात हे कळल्यावर नाव का नाही बदललं कुणी? सांगा की!”

बाईंनी आपली प्रमाणपत्रं नीट पिशवीत भरली आणि त्या उठल्या.

“अर्थ उरला नाही तरी नाव राहतं, सर. या खोलीच्या दारावर अजून ‘निवड समिती’ अशीच पाटी आहे.”