हळदीखालचे चट्टे

"आई, पुरे ना," कम्पोन पुटपुटला. "हळद लावतेस की भिंत लिंपतेस?"

म्हातारी बुनरुआन थांबली नाही. भिक्खू होणाऱ्याच्या मुंडण केलेल्या डोक्याला हळद लावायचीच असते. तिने मात्र डोक्यावर, मानेवर, उजव्या खांद्यावर थापून थापून लावली. खाली तांबडे, खपल्या धरलेले चट्टे होते. त्याच्या फुप्फुसातल्या कॅन्सरवर सोडायला औषधाने अंगातलीच रोगाशी लढणारी फौज उठवली होती, ती उलटली कातडीवर. डॉक्टरांनी औषध बंद केलं. दुसरं नव्हतं.

मुलाने भिक्खूचं वस्त्र, चीवर, घेतलं की त्याचा काठ धरून आई स्वर्गात जाते, असं मेकाँगकाठच्या त्या गावात सगळेच मानत. आपण जायच्या आत आईची तेवढी सोय लावावी, एवढंच कम्पोनच्या मनात उरलं होतं.

चीवर पांघरून, हात जोडून तो विहाराच्या दारापाशी उभा राहिला. आचार्यांनी पालीतले प्रश्न सुरू केले; एकाही रोगाला 'हो' म्हटलं तर दीक्षा मिळत नाही.

"कुट्ठं?" कुष्ठ आहे का?

"नत्थि, भन्ते." नाही.

"गण्डो?" गळू?

"नत्थि, भन्ते."

"किलासो?"

चर्मरोग. उघड्या खांद्याला जीवघेणी खाज सुटली होती आणि जोडलेले हात सोडता येत नव्हते. घामाबरोबर हळद ओघळली, एक चट्टा उघडा पडला. खोटं बोलून घेतलेलं चीवर आईला कुठे नेणार? त्याला रडू यायला लागलं.

"भन्ते, मला..."

"नत्थि!" मागून आई ओरडली. तिच्याजवळ बसलेल्या बायका हसल्या.

"प्रश्न त्याला आहे, बुनरुआन," आचार्य म्हणाले.

कम्पोन वळला. "आई, खोटेपणाने स्वर्ग मिळायचा नाही गं तुला."

"चुलीत घाल तो स्वर्ग!" ती गुडघ्यांवर सरकत पुढे आली आणि तिने चीवराचा काठ मुठीत धरला. "चीवर घेतलं की मरण लांबतं म्हणतात. त्यासाठी बसलेय मी इथे, मेल्या!"

त्या वस्त्राला बाईने हात लावायचा नसतो.

आचार्यांनी तिच्या मुठीकडे पाहिलं, मग त्या चट्ट्याकडे.

"किलासो?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"नत्थि, भन्ते," कम्पोन म्हणाला.

आईने काठ सोडला नाही.